कुंपणच शेत खाते तेव्हा : संगणकातील बनावट 'अँटी-स्पायवेअर' ओळखणे आणि काढणे



मंडळाच्या सभासदांकडून, विशेषतः ज्येष्ठ सभासदांकडून, एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. संगणकावर बातम्या वाचताना, पंचांग पाहताना किंवा एखादे जुने नाट्यगीत शोधताना अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि इंग्रजीत मजकूर येतो : 'तुमच्या संगणकात स्पायवेअर सापडले आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब हे सॉफ्टवेअर घ्या किंवा या क्रमांकावर फोन करा.' अशा वेळी काय करावे?

थोडक्यात उत्तर असे : त्या चौकटीतले कोणतेही बटण दाबू नका, दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका आणि पैसे भरू नका. एवढे पाळले तर बहुतेक वेळा काहीही नुकसान होत नाही. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे नेहमी नव्हे. कधी तो नुसता देखावा असतो, कधी खरोखरच एक बनावट सॉफ्टवेअर संगणकात येऊन बसलेले असते, तर कधी त्याच्या आडून एखादा माणूसच आत शिरलेला असतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. म्हणून आधी ओळखायचे कसे आणि मग काढायचे कसे, हे या लेखात क्रमाने सांगत आहोत. पायऱ्या विंडोज १० आणि ११ धरून दिल्या आहेत, कारण आपल्याकडे घरोघरी तेच आहे.

हा प्रकार आहे तरी काय?

स्पायवेअर म्हणजे आपल्या नकळत संगणकात बसून आपण काय टाइप करतो, कोणती संकेतस्थळे पाहतो, कोणते पासवर्ड वापरतो याची माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम. साधारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असे प्रोग्राम फार बोकाळले आणि त्यांना शोधून काढणारी 'अँटी-स्पायवेअर' सॉफ्टवेअर आली. लोकांच्या मनात स्पायवेअरची भीती बसलेली होतीच. त्या भीतीवरच धंदा करणारे मग पुढे आले. त्यांनी रूप घेतले पहारेकऱ्याचे आणि काम केले चोराचे.

विंडोज एक्सपीच्या काळात 'स्पायशेरिफ' नावाचे असेच एक सॉफ्टवेअर कुप्रसिद्ध झाले होते. ते पडद्यामागचे चित्र बदलून तिथे धोक्याची सूचना लावत असे, नसलेले स्पायवेअर सापडल्याचे सांगत असे आणि काढायला गेले तर सहजी निघत नसे. 'विनफिक्सर', 'विनअँटिव्हायरस', 'ड्राइव्हक्लीनर', 'एक्सपी अँटिव्हायरस' ही त्याचीच भावंडे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयात जाऊन हा धंदा थांबवला. १० लाखांहून अधिक ग्राहक फसले होते, असे कमिशनचे म्हणणे होते. प्रत्येकाला 'मोफत तपासणी'त काहीतरी भयंकर दाखवायचे आणि ते काढण्यासाठी ३९.९५ डॉलर किंवा अधिक घ्यायचे, अशी पद्धत होती. या मंडळींनी आपण नामांकित संस्थांच्या जाहिराती लावत आहोत असे भासवून चांगल्या संकेतस्थळांवर जागा मिळवली होती. म्हणजे फसलेले लोक भलत्यासलत्या ठिकाणी गेले होते असे नव्हे. २०१२ मध्ये याच प्रकरणात न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा आदेश दिला.

२००९ मध्ये 'कॉनफिकर' नावाचा किडा जगभर पसरला. त्याच्या एका आवृत्तीने लागण झालेल्या संगणकांवर 'स्पायवेअर प्रोटेक्ट २००९' नावाचे बनावट सॉफ्टवेअर उतरवले आणि ४९.९५ डॉलर मागितले. २०११ च्या मे महिन्यात पाळी आली अॅपलच्या मॅक संगणकांची. 'मॅक डिफेंडर' हे बनावट सॉफ्टवेअर गूगलवर चित्रे शोधणाऱ्यांच्या पुढ्यात येई आणि क्रेडिट कार्ड मागे. त्यासाठी अॅपलला महिनाअखेरीस खास सुरक्षा-अपडेट काढावे लागले. 'मॅकला काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ही सगळी जुनी गोष्ट झाली असे वाटेल, तर तसेही नाही. २०१९ मध्ये ऑफिस डिपो ही मोठी अमेरिकन दुकानसाखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. कमिशनचा आरोप असा होता : दुकानात संगणकाची मोफत तपासणी होई. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारत. संगणक मंद चालतो का, मध्येच बंद पडतो का, वगैरे. एका जरी प्रश्नाला 'हो' म्हटले की तपासणीत काहीही निघो, अहवालात दूषित सॉफ्टवेअरची लक्षणे आढळल्याचे आपोआप छापून येई आणि पुढे दुरुस्तीचे शेकडो डॉलर. २०२४ मध्ये 'रेस्टोरो' आणि 'रिइमेज' या दोन कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले.

नावे बदलली, काळ बदलला, पण युक्ती तीच राहिली : आधी मोफत तपासणी, मग भीती, मग पैसे. नावे पाठ करण्यात अर्थ नाही, कारण उद्या नवे नाव येईल. ही युक्ती ओळखता आली पाहिजे.

खरे आणि खोटे यांतला फरक

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : ब्राउझरमध्ये उघडलेले कोणतेही पान तुमच्या संगणकातल्या फाइली तपासू शकत नाही. ब्राउझर पानाला तेवढी मुभाच देत नाही. त्यामुळे एखाद्या पानावर तपासणीचा पट्टा भराभर पुढे सरकताना दिसला आणि दहा सेकंदांत 'लाखभर फाइली तपासल्या' असे आले, तर ते चलच्चित्र आहे, तपासणी नव्हे. खऱ्या अँटिव्हायरसच्या पूर्ण तपासणीला अर्धा तास लागतो, कधी दोन-तीन तासही. मॅकवर किंवा मोबाइलवर असे पान उघडले तरी त्यात 'सी ड्राइव्ह' सापडतो! ज्या यंत्रात सी ड्राइव्हच नाही, त्यातला रोग या वैद्याने शोधला कसा?

दुसरी गोष्ट. 'तुमचा आयपी पत्ता अमुक, तुमचे शहर अमुक' असे लिहिलेले पाहून अनेकांचे धाबे दणाणते. पण आपण ज्या ज्या संकेतस्थळावर जातो, त्या प्रत्येकाला आपला आयपी पत्ता कळतोच. त्याशिवाय ते आपल्याला पान पाठवणार कुठे? आयपी पत्त्यावरून शहराचा अंदाजही बांधता येतो. हे दारावरची पाटी वाचण्यासारखे आहे. पाटी वाचली म्हणजे कोणी घरात शिरले असे होत नाही.

तिसरी खूण फोन क्रमांक. मायक्रोसॉफ्टने स्पष्टच सांगितले आहे की त्यांच्या कोणत्याही त्रुटीसंदेशात किंवा धोक्याच्या सूचनेत फोन क्रमांक नसतो. आणि आपण होऊन 'तुमचा संगणक बिघडला आहे' असा फोनही ते करत नाहीत. क्रमांक दिसला की समजावे, बनावट आहे.

चौथी खूण घाई. उलटी मोजणी, भोंगा, इंग्रजीत बोलणारा यांत्रिक आवाज, 'संगणक बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल' अशी धमकी. खरा अँटिव्हायरस कोपऱ्यात एक छोटी सूचना देतो, सापडलेली फाइल बाजूला काढून ठेवतो आणि गप्प बसतो. आधी रोग सांगून औषधाच्या बाटलीसाठी कार्डाचा क्रमांक तो मागत नाही.

पाचवी खूण कधी कधी उपयोगी पडते. विंडोजमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'सेटिंग्ज' आणि तिथून 'मॅनेज प्रोव्हायडर्स' इथे गेलात, तर संगणकाचा पहारा सध्या कोणाकडे आहे त्याचे नाव दिसते. तिथे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असेल किंवा तुम्ही स्वतः विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल. पूर्णवेळ पहारा देण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर या यादीत नसेल, तर त्याच्याकडे संशयानेच पाहावे.

हे सांगताना एक खुलासा हवा. सगळेच विकतचे अँटिव्हायरस खोटे असतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी संगणकदुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून 'क्विक हील' उभे केले, हे अनेकांना ठाऊक असेल. खरी उत्पादने आहेत, चांगली आहेत. भामटे त्यांच्याच नावांची आणि चिन्हांची नक्कल करतात. म्हणून 'तुमची वर्गणी संपली' अशी सूचना आली, तरी त्या सूचनेवर न दाबता ते सॉफ्टवेअर आपण स्वतः उघडून तारीख पाहावी.

आधी शोधा : खोटे बसले आहे कुठे?

एक, ते नुसते एक पान असू शकते. ब्राउझर बंद केला की सगळे शांत होते आणि पुन्हा येत नाही.

दोन, ती ब्राउझरची परवानगी असू शकते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुन्हा पुन्हा 'व्हायरस सापडला' अशा चौकटी येतात. त्यांत लहान अक्षरांत क्रोम किंवा एज असे नाव आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता असतो.

तीन, ते बसवलेले सॉफ्टवेअर असू शकते. संगणक सुरू करताच, ब्राउझर न उघडताही, त्याची चौकट येते. डेस्कटॉपवर त्याचे चिन्ह असते. खरा अँटिव्हायरस उघडत नाही किंवा त्याच्या कंपनीचे संकेतस्थळ उघडत नाही.

चार, कोणी माणूस दुरून आत आला असू शकतो. तुम्ही फोन केला होता, पलीकडच्याने एखादे अॅप घ्यायला सांगितले, आणि माउसचा बाण आपोआप फिरला.

पान असेल तर

पान पूर्ण पडदाभर पसरलेले असेल तर आधी एस्केप ही कळ काही सेकंद दाबून धरा, किंवा एफ-११ दाबा. मग ऑल्ट धरून एफ-४ दाबा. तरीही जात नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात ब्राउझरचे नाव निवडून 'एंड टास्क' करा. तेही जमले नाही तर संगणक खुशाल बंद करा. 'बंद करू नका' ही धमकी पोकळ आहे. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'आधीची पाने परत उघडू का' असे विचारले तर नको म्हणा, नाहीतर पाहुणा पुन्हा हजर.

चौकटीच्या कोपऱ्यातली फुली मात्र दाबू नका. ती फुली पुष्कळदा चित्रच असते आणि ती दाबणे म्हणजे 'हो' म्हणणे ठरू शकते.

परवानगी असेल तर

कधीतरी एखाद्या पानावर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असे आले असेल आणि आपण ते दाबले असेल. ते 'अलाऊ' म्हणजे त्या संकेतस्थळाला आपल्या पडद्यावर केव्हाही सूचना लावण्याची दिलेली मुभा. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज' आणि 'नोटिफिकेशन्स' इथे जा. ज्यांना परवानगी आहे त्यांची यादी दिसेल. अनोळखी नावे काढून टाका. एज आणि फायरफॉक्समध्येही सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' असे शोधले की अशीच यादी सापडते. वारंवार 'व्हायरस सापडला' म्हणणाऱ्या चौकटींचे मूळ पुष्कळदा इथेच असते. संगणक स्वच्छ असतो, फक्त दारावर भोंगेवाला बसलेला असतो.

याच मालिकेतली एक नवी आणि जास्त घातक युक्ती सांगून ठेवतो. काही पाने 'यंत्रमानव नसल्याची खात्री' म्हणून विंडोज आणि आर या कळा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगतात. असे केले की त्या पानाने गुपचूप ठेवलेली आज्ञा आपणच आपल्या हाताने संगणकाला देतो आणि खरे स्पायवेअर आत येते. कोणत्याही प्रामाणिक संकेतस्थळाला अशी खात्री करून घेण्याची गरज नसते.

बसवलेले सॉफ्टवेअर असेल तर

इथे थोडा वेळ आणि धीर लागेल. पुढील पायऱ्या क्रमाने करा.

१. इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा मागची वायर काढा. बँकेचे, निवृत्तिवेतनाचे, ईमेलचे कोणतेही काम या संगणकावर आता करू नका.

२. फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. डाउनलोड केलेले प्रोग्राम मात्र त्यात घेऊ नका.

३. 'सेटिंग्ज', 'अॅप्स', 'इन्स्टॉल्ड अॅप्स' इथे जाऊन यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी किंवा आदल्या एक-दोन दिवसांत काय आले ते पाहा. बनावट सॉफ्टवेअर सहसा एकटे येत नाही. 'मोफत पीडीएफ', 'व्हिडिओ प्लेअर', 'ड्रायव्हर अपडेट' अशा नावांच्या सोबत्यांबरोबर येते. तुम्ही ठरवून बसवलेले नाही ते 'अनइन्स्टॉल' करा. काढताना 'खरेच काढायचे का, धोका आहे' अशा विनवण्या येतील, तिकडे लक्ष देऊ नका.

४. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' या भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी दिसतात. अनोळखी नाव 'डिसेबल' करा.

५. आता इंटरनेट जोडा आणि 'विंडोज सिक्युरिटी'मधून तपासणीच्या पर्यायांत 'फुल स्कॅन' करा. त्यानंतर त्याच ठिकाणी असलेला 'ऑफलाइन स्कॅन' करा. यात संगणक बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते. सुमारे पंधरा मिनिटे लागतात. लपून बसलेले प्रोग्राम विंडोज सुरू झाल्यावर स्वतःचा बचाव करतात, इथे त्यांना ती संधीच मिळत नाही.

६. बनावट सॉफ्टवेअर डिफेंडर उघडूच देत नसेल तर 'सेफ मोड' वापरा. यात विंडोज अगदी आवश्यक तेवढ्याच गोष्टींसह सुरू होते. शिफ्ट कळ धरून 'रीस्टार्ट' दाबा. मग 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट' आणि शेवटी ५ हा आकडा. नव्या लॅपटॉपवर या वेळी 'बिटलॉकर रिकव्हरी की' नावाचा लांबलचक क्रमांक मागितला जाऊ शकतो. तो बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेला असतो. हे काम सुरू करण्यापूर्वीच दुसऱ्या यंत्रावरून तो पाहून कागदावर लिहून ठेवा.

७. सेफ मोडमध्ये मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'सेफ्टी स्कॅनर' उतरवून चालवा. तो मोफत आहे आणि उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून दर वेळी ताजा घ्यावा. दुसरे मत हवे असेल तर 'मालवेअरबाइट्स' किंवा त्यांचेच 'अॅडडब्ल्यूक्लीनर' वापरता येते. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही मोफत साधने आहेत. कोणतेही साधन जाहिरातीवरून घेऊ नका, कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. 'अमुक व्हायरस कसा काढावा' असे शोधले की बनावट औषध विकणारेच अनेकदा पहिल्या रांगेत उभे असतात.

८. मागे राहिलेल्या खुणा पुसा. 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'प्रॉक्सी' इथे हाताने घातलेला प्रॉक्सी चालू असेल तर बंद करा. घरच्या संगणकाला तो सहसा लागत नाही. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा आणि ब्राउझर 'रीसेट' करा. क्रोममध्ये असे केल्याने साठवलेल्या खुणा आणि पासवर्ड जात नाहीत.

एवढे करूनही तो पुन्हा उगवत असेल तर हट्ट सोडा. फाइलींची प्रत घेतलेली आहेच. विंडोज नव्याने बसवणे हा शेवटचा आणि खात्रीचा उपाय. हे काम ओळखीच्या, विश्वासू माणसाकडून करून घ्या.

माणूस आत आला असेल तर

हा प्रकार सर्वांत वाईट. पानावरच्या क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर घ्यायला सांगतो. ही अॅप्स मुळात चांगली आहेत, परदेशातली मुले त्यांतूनच आईवडिलांचा संगणक दुरुस्त करून देतात. पण चावी कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न आहे.

आत आल्यावर तो 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांब यादी दाखवतो. धडधाकट संगणकातही अशा खुणा शेकड्यांनी असतात. ती यंत्राची रोजनिशी आहे, रोगाची यादी नव्हे. कधी काळ्या खिडकीत 'फॉरेन अॅड्रेस' हे शब्द दाखवून 'हे पाहा, परदेशातून चोर आले' असे सांगतो. तिथे 'फॉरेन' म्हणजे परदेशी नव्हे, फक्त जोडणीच्या पलीकडचा पत्ता. इंग्रजी शब्दाचा असा सोयीचा अर्थ लावून घाबरवणे हाच त्याचा व्यवसाय. असली बनावट मदतकेंद्रे आपल्या देशातूनही चालतात. मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या तक्रारींनंतर सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२' खाली अनेक राज्यांत छापे घातले, ते अशाच केंद्रांवर.

असे घडले असेल तर तत्क्षणी इंटरनेट तोडा आणि संगणक बंद करा. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला. मग वरच्या पायऱ्यांनी ते अॅप काढून पूर्ण तपासणी करा. तो माणूस बराच वेळ आत असेल तर विंडोज नव्याने बसवणेच शहाणपणाचे.

पैसे गेले असतील तर

इथे मिनिटे मोलाची आहेत. आधी बँकेला कळवून कार्ड आणि खाते गोठवा. लगेच १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करा. तो महाराष्ट्रात, गुजरातेत, मध्य प्रदेशात, कुठूनही चालतो. गृहमंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. लवकर कळवले तर पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. पडद्याचे फोटो, फोन क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक महत्त्वाचा भेद आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे आपली चूक असली तरी कळवण्याची वेळ महत्त्वाची ठरतेच. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. तो चालू असेल आणि विंडोजची अपडेट वेळेवर होत असतील, तर साध्या घरगुती वापराला वेगळे अँटी-स्पायवेअर शोधत हिंडण्याची गरज नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्याकडे अजून तेच आहे, त्यांनी पुढची सोय करून घ्यावी. रोजच्या वापरासाठी 'अॅडमिनिस्ट्रेटर' नसलेले साधे खाते ठेवले, तर कोणतेही सॉफ्टवेअर सगळ्या संगणकाला हात घालू लागताच पासवर्ड मागितला जातो. तेवढ्या थांब्याने पुष्कळ अनर्थ टळतात.

शेवटी, आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीची. पैसे गेल्यावर किंवा नुसता फोन केल्यावरही अनेक जण दोन-तीन दिवस घरात कोणाला सांगत नाहीत. मुले रागावतील, 'बाबांना संगणक नको' म्हणतील, लोक हसतील, असे वाटते. आपल्या घरांत बोलणे मराठीत, बाजार गुजरातीत आणि बँकेचे संदेश इंग्रजीत. त्या इंग्रजी संदेशाला नीट न समजता 'हो' म्हणून बसलो, ही टोचणी वेगळीच. पण वर पाहिलेच आहे की इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, असे लाखो लोक याच युक्तीला फसले. यात अडाणीपणाचा संबंध नाही. घाबरलेला माणूस घाईत निर्णय घेतो, एवढेच भामट्यांना ठाऊक असते. आणि गप्प बसण्यात जे दोन दिवस जातात, तेवढ्यात पैसा चार खाती ओलांडून गेलेला असतो.

घरातल्या तरुण मंडळींनाही विनंती, की आई-बाबांनी किंवा आजी-आजोबांनी असे काही सांगितले तर आधी १९३० लावा, बोलणी नंतर. हा क्रमांक, बँकेचा क्रमांक आणि 'काही दाबू नका, फोन करू नका, पैसे भरू नका' ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी भिंतीवर लावून ठेवा. पडदा लाल झाला की नजर आधी तिकडे जाऊ द्या. शंका असेल तर संगणक बंद करून मंडळात घेऊन या. आपण मिळून पाहू.